वढून बघणारे नाना

विमानातून उडी मारल्यावर, वाऱ्याची दिशा दाखवणारा धावपट्टीवरचा केशरी मोजा समजून मी एका आजीबाईंच्या वाळत घातलेल्या केशरी साडीवर भरवसा ठेवला आणि नुकतंच पाणी भरलेल्या कांद्याच्या वाफ्यात जाऊन पडलो.

एवढं सांगितलं की लोक "लागलं का?" असं विचारत नाहीत. "पण उडी मारलीतच कशाला?" असं विचारतात. बरोबर आहे. मी नाशिक रोडला राहणारा विमा एजंट. "उद्याचं काही सांगता येत नाही हो" हे वाक्य मी इतक्या लोकांच्या दिवाणखान्यात बसून, इतके चहा पिऊन म्हटलं, की एक दिवस माझाच त्यावर विश्वास बसला. आणि ज्या माणसाला सोसायटीच्या गच्चीवर टाकी बघायला गेलं तरी गुडघ्यात मुंग्या येतात, तो माणूस रविवारी पहाटे उठून देवळ्याकडच्या एका माळावरच्या धावपट्टीवर जायला लागला.

पण मला सांगायचंय ते नानांबद्दल.

पहिल्याच रविवारी एक पांढऱ्या मिशांचा, साठी ओलांडलेला माणूस थेट माझ्यासमोर आला, माझ्या छातीवरचा पॅराशूटचा पट्टा धरला आणि असा हिसका दिला की मी त्यांच्या अंगावरच गेलो. मी म्हटलं, "आपण कोण?"

"आधी पट्टा, मंग वळख," ते म्हणाले आणि माझ्या मांड्यांचे पट्टे ओढायला लागले. दोन्ही ओढून झाल्यावर कंबर सरळ केली. "मी नाना. निफाडकडं बाग हाय माझी. तुम्ही काय करता?"

"विमा."

"सोताचा काढलाय का?"

मी सांगितलं की काढलाय, पण त्यात विमानातून मारलेली उडी बसत नाही. नाना इतके हसले की शेजारी उभ्या असलेल्या पोरांचे पट्टेही त्यांनी हसत हसत ओढून पाहिले. तेव्हापासून मी 'इमावाले'.

'वढून बघ' हा नानांचा मंत्र. नुसतं बघून त्यांचा कशावरच विश्वास बसत नाही. गाठ दिसते, बक्कल लागलेलं दिसतं, तरी ओढायचं. हे त्यांना विमानाने शिकवलेलं नाही, द्राक्षाने शिकवलंय. द्राक्षाचा मांडव तारांवर उभा असतो. एका अवकाळी वादळात कडेची एक तार सैल राहिली होती. बाकीच्या सगळ्या तारा घट्ट, ती एकच सैल, आणि मालाने लगडलेला अख्खा मांडव आडवा झाला. "तार दिसायला ताठच व्हती," नाना सांगतात. "बघितली व्हती मी. वढली नव्हती."

त्यानंतर नाना जे दिसेल ते ओढतात. माझ्या हेल्मेटचा पट्टा ओढतात. दुसऱ्याच्या मोटारसायकलवर बांधलेल्या दुधाच्या कॅनची दोरी ओढतात. पिंपळगावला एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या घोड्याचा तंग, म्हणजे खोगिराचा पट्टा, ओढून पाहिला. तो सैल निघाला म्हणून वरात थांबवली आणि भर बँडमध्ये स्वतःच्या हाताने आवळला. घोड्याला ही काळजी आवडली नाही. नवरदेव मांडवात ठरल्यापेक्षा लवकर आणि ठरल्यापेक्षा वेगळ्या बाजूने आला. नाना आजही म्हणतात, "पडला, पन खोगीर सुटून पडला नाय. घोड्यानं पाडला. त्यो येगळा इषय."

आमच्या छंदात सल्ल्यांना तोटा नाही. पहिल्यांदा उडी मारणाऱ्याला दुसऱ्यांदा मारणारा सल्ला देतो. पण नानांचे सल्ले वेगळ्याच वाटेने येतात. "आदल्या दिवशी कुणाशी भांडायचं नाय. भांडण वर घिऊन गेलं की हात जड व्हतो." "रिकाम्या पोटी उडू नका, मिसळ खाऊन तर बिलकूल नाय. पोहे खा." आणि सगळ्यात महत्त्वाचा: "वरून जिकडं बघशीला तिकडंच जाशीला. विजेची तार दिसली, तिच्याकडं बघत ऱ्हायलं, की माणूस तारेवरच जातो. मोकळं रान बघायचं. संसाराचं पन तसंच हाय. बायकोकडं बघून करायचा, सासऱ्याकडं बघून नाय."

मी हे सगळं मान हलवून ऐकायचो. मान हलवणं हा आमच्या धंद्याचा भाग आहे.

नाना स्वतः सकाळच्या पहिल्याच खेपेला उडी मारतात, नीट उतरतात, आणि मग दिवसभर खाली उभे राहतात. कपाळावर हात आडवा धरून आकाशातल्या छत्र्या मोजतात. पॅराशूट, कॅनॉपी वगैरे शब्द आमचे. त्यांच्यासाठी ती छत्रीच. विमानातून जितके गेले तितक्या छत्र्या उघडल्या, की मान खाली. जितक्या उघडल्या तितक्या उतरल्या, की मगच पाणी पितात. मध्ये कुणी बोललं तर "गप ऱ्हा, मोजतोय."

उतरल्यावरचा एक नियम मात्र सगळ्यांचाच आहे. धावपट्टी चुकून कुठे शेतात उतरलात, तर ताबडतोब उठायचं, छत्री गोळा करायची आणि हात वर करून हलवायचा. लांबून माणूस दिसत नाही, छत्री दिसते. गोळा झाली म्हणजे माणूस ठीक. पसरून पडून राहिली म्हणजे माणूसही तसाच पडलाय.

आणि शेवटचा नियम खास नानांचा. संध्याकाळी जो तो आपापल्या घरी गेला की 'खाली भेटू' या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'पोचलो' असं लिहायचं. नाही लिहिलं तर नानांचा फोन येतोच. सगळ्यांचं आल्यावर नाना आपलं लिहिणार. कायम शेवटी.

तर तो रविवार. त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्या कानातल्या रेडिओवर शिकवणाऱ्याचा आवाज नव्हता. तू आता एकटा उतर, असं ठरलं होतं. विमान वर चढताना माझ्या तळहातांना इतका घाम आला की मी तो समोर बसलेल्या मृणालच्या पाठीला पुसला. मृणाल आमच्यातली सगळ्यात जुनी, नाशिक रोडचीच, आम्ही तिच्याच गाडीतून येतो. ती मागे न बघता म्हणाली, "टॉवेल समजू नकोस. आणि मोजा बघून उतर."

मोजा म्हणजे धावपट्टीच्या टोकाला खांबावर लावलेली कापडाची लांब नळी. ती ज्या दिशेला फुगते त्यावरून वारा कळतो, आणि वाऱ्याकडे तोंड करून उतरायचं असतं. मी उडी मारली, छत्री उघडली, देवाचं नाव घ्यायचं होतं ते विसरून बायकोचं घेतलं, आणि खाली बघितलं तर काय, एक झकास केशरी कापड वाऱ्यावर फुगलेलं! मी त्याच्याकडे बघितलं, बघत राहिलो, आणि नाना म्हणाले होते तसाच तिकडेच गेलो. खऱ्या मोज्याकडे माझी पाठ होती, आणि वारा माझ्या पाठीत. कापडाला काठ आणि पदर आहे हे लक्षात आलं तेव्हा मी घरांच्या उंचीवर होतो. पुढच्या क्षणी गुडघ्याएवढ्या चिखलात रोवलो गेलो आणि तोंडावर पडलो.

"कोन शे रे भाऊ?" बांधावरून अहिराणीत आवाज आला.

सत्तरीच्या आजीबाई. मी तोंडातली कांद्याची पात काढली आणि सांगितलं की मी नाशिक रोडचा आहे. त्यांना ते पुरेसं वाटलं. त्यांनी हात धरून मला बाहेर ओढलं, चिखलाने भरलेल्या माझ्या छत्रीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हाई पसरी दे बांधवर. वाळी जाई."

मला ते फारच पटलं. मी छत्री बांधावर छान पसरली. उडू नये म्हणून कोपऱ्यांवर ढेकळं ठेवली. हात हलवायचं लक्षातच राहिलं नाही, कारण दोन्ही हातांत ढेकळं होती. मग पट्टे तसेच अंगावर ठेवून आजीबाईंच्या ओट्यावर गेलो आणि बशीतून चहा प्यायला लागलो. खरं सांगायचं तर मला धावपट्टीवर जायचंच नव्हतं. साडीची गोष्ट तिथे कशी सांगावी याची जुळवाजुळव चालली होती. दुसरी बशी भरेपर्यंत 'अचानक आलेली वावटळ' मी जवळजवळ तयार केली होती.

तेव्हा नाना आले.

रस्त्याने नाही, कांद्यातून. सरळ रेषेत, वाफे तुडवत, एका पायात चप्पल आणि दुसरा पाय चिखलाने काळा. ते माझ्या लाल छत्रीपाशी थांबले. हलकेच वाकले. एका बाजूने तिची कड उचलली आणि खाली बघितलं. मग दुसऱ्या बाजूने. मी ओट्यावरून हाक मारणार होतो, पण तोंडात चहा होता.

त्यांनी मान वर केली आणि मला बघितलं. बशी हातात असलेला मी.

मी उठून उभा राहिलो. "नाना, वावटळ..."

ते जवळ आले आणि माझ्या छातीचा पट्टा धरून ओढला. मग मांडीचा एक. मग दुसरा. मी जमिनीवर, ओट्यावर, चहा प्यायलेला, आणि नाना पुन्हा छातीचा पट्टा ओढतायत. त्यांची बोटं बकलावर टिकत नव्हती. तिसऱ्यांदा ओढलं तेव्हा मीच त्यांचा हात धरला.

आजीबाईंनी विचारलं, "हाऊ तुना बाप शे का?"

"नाय बाई," नाना म्हणाले. आवाज कुठूनतरी खोलातून आला. "माझा पोरगा असता तर दावणीला बांधला असता."

आणि पाठ फिरवून ते आपली चप्पल शोधायला कांद्यात गेले. आजीबाईंनी तुडवलेल्या वाफ्यांकडे बघितलं, नानांकडे बघितलं आणि चहाचं आधण पुन्हा ठेवलं. नानांनी तो चहा उभ्यानेच घेतला. माझ्याकडे बघितलं नाही, वाळत असलेल्या केशरी साडीकडे मात्र एकदा बघितलं.

परतताना मृणाल गाडी चालवत होती. पिंपळगावपाशी नानांचा पिकअप निफाडकडे वळला. त्यांनी नेहमीप्रमाणे हॉर्न दिला नाही. मग ती बोलली.

"काकूंना, नानांच्या बायकोला, तू बघितलं नाहीस. तू आलास त्याच्या आधीच गेल्या त्या. नानांबरोबर दर रविवारी यायच्या. सगळ्यांसाठी भाकरी, ठेचा. पण नानांची उडी असली की आकाशाकडे पाठ करून बसायच्या. एकदाही वर बघितलं नाही. शेंगा फोडत बसायच्या आणि आम्हाला विचारत राहायच्या, आले का, आले का. नाना उतरले की तसेच छत्री काखेत मारून त्यांच्या मागे जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, 'पोचलो गं.' मगच त्या वळायच्या."

वावटळीची गोष्ट मी खिडकीतून टाकून दिली.

घरी आलो. बायकोने चिखल बघितला, काही विचारलं नाही, फक्त बाथरूमकडे बोट दाखवलं. बाहेर येऊन मी ग्रुपवर 'पोचलो' लिहिलं. मृणालने लिहिलं. हळूहळू सगळ्यांनी लिहिलं. प्रत्येकाच्या 'पोचलो'खाली कुणीतरी अंगठा टाकला. आता नाना लिहितील म्हणून मी फोन हातात धरून बसलो, आणि तेव्हा एक गोष्ट डोक्यात आली. नानांचं 'पोचलो' शेवटचं असतं. तोवर सगळ्यांनी फोन ठेवलेले असतात. त्याच्याखाली थेट सोमवारचा सुविचार येतो.

आज तर ते आलंच नाही.

जेवायची वेळ झाली. बायकोने ताट वाढलं. मी फोन ताटाशेजारी ठेवला. पिंपळगावहून निफाड असं कितीसं लांब आहे? त्या पिकअपचे दिवे बरे नाहीत, मीच त्यांना त्याच्या विम्यावरून बोललो होतो. त्यांची बोटं बकलावर टिकत नव्हती. त्यांना गाडी चालवू द्यायला नको होती. एकाच्याही डोक्यात आलं नाही. सगळ्यांचे पट्टे ते ओढतात, त्यांचा कुणी ओढला होता? घास तोंडात फिरत राहिला. मी पुन्हा विमानाच्या दारात उभा होतो, फक्त इथे उडी मारून मोकळं होता येत नव्हतं.

मी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. बायको म्हणाली, "काय झालंय?" मी हाताने गप्प राहायला सांगितलं. मोजत होतो, रिंग.

"काय रं इमावाले?"

माझा जीव भांड्यात पडला. "नाना, पोचलात का?"

पलीकडे लांब कुठेतरी बागेतला पंप चालू असल्याचा आवाज.

"कोन इचारतंय?"

"मीच विचारतोय. आणखी कोण?"

"दारातच हाय," नाना म्हणाले. "गाडी लावली आन बसून ऱ्हायलो. घरात दिवा नाय ना लावलेला. म्हनलं बसावं जरा."

एरवी दिवाणखान्यात अशा वेळी काय बोलायचं ते मला पाठ आहे. त्यातलं एकही वाक्य इथे चालण्यासारखं नव्हतं. मी नुसता फोन कानाला लावून राहिलो. पिकअपचं दार करकरलं. पायऱ्या चढल्याचा आवाज आला. कडी. मग खटका, दिव्याचा.

"पोचलो," नाना म्हणाले.

"बरं," मी म्हटलं. "पुढच्या रविवारीपण विचारीन."

"इचार." ते खाकरले. "पन आधी लुगडं कुठलं आन मोजा कुठला ते शिक. मोठा आलाय माझी चौकशी करायला!"