राजारामपुरीतल्या कोऱ्या आरशाचं रहस्य

रहस्यभेदी सयाजीच्या स्वतःच्या मते त्याची नजर ससाण्याची, कान सशाचे आणि बुद्धी अशी, की ती एकाही शाळेला झेपली नाही. संगणकदुरुस्ती तो निव्वळ उपकार म्हणून करी.

२००५ साली राजारामपुरीतल्या अक्षताच्या फोटो स्टुडिओतून दीक्षाच्या लग्नाचे सगळे फोटो गायब झाले. दीक्षाची आई झुंबरबाई कबनूरहून निघाली होती. त्या बाईनं तोंड सोडलं, तर कबनूरचं एकही लग्न पुन्हा अक्षताला मिळालं नसतं. अक्षतानं घाईनं सयाजीला बोलावलं होतं.

"एक डिस्क गेली तरी फोटो ऱ्हातील म्हणून तुम्हीच रविवारी संगणकातल्या जुन्या डिस्कला नवी जोडून रेड बसवलं न्हवं?" तिनं विचारलं.

"आरसा, ताई! एकीवर जे, तेच दुसरीवर. दोन्ही कोऱ्या, म्हणजे चोर दोन. बहुतेक जुळे." सयाजीनं कीबोर्ड हुंगला. "चोर चिवडा खातो!"

"त्यो रविवारी तुम्हीच खाल्ला."

"माझ्यावर आळ यावा म्हणून मला खायला लावला. पक्का कट हाय!"

मग संशयित म्हणून व्हायरस झाला, शेजारच्या स्टुडिओवाल्याचं लोहचुंबक झालं. तेवढ्यात झुंबरबाई आत आली.

"पावणं, लग्नादिवशी कुठं होता?" सयाजी आडवा आला.

"मांडवात! माझ्या लेकीचं लगीन, आन कुठं आसणार?"

अक्षतानं रडत सगळं सांगितलं. झुंबरबाईनं शांतपणे विचारलं, "एक भरल्याली, एक कोरी. मग कुणाचं बघून कुणी उतरवलं?"

अक्षताचं रडणं थांबलं. "सयाजीराव, रेडला मूळ डिस्क कंची म्हणून सांगितलं?"

"नवी! जुन्या मालाचा काय भरवसा?"

नवीचं कोरेपण जुनीवर तंतोतंत उतरलं होतं. रेडनं आपलं काम चोख केलं होतं.

झुंबरबाईनं पिशवीतून सीडी काढली. "अल्बमला निवडायला तूच दिलीवतीस की. समदं फोटू हाईत. विहीणबाईंचं आन माझं एका फोटूवर जमंना, म्हणून आजपतोर घरातच हुती."

त्या भांडणाच्या पाया पडावंसं अक्षताला वाटलं. "आता रेड नको. दुसऱ्या डिस्कवर फोटो उतरवायचे आन ती लांब कुणाच्या तरी घरी ठेवायची."

"माझ्या घरी द्या की," सयाजी म्हणाला.

झुंबरबाईनं सीडी पुन्हा पिशवीत घातली. "आदी ह्याला भाईर काढ. मग देते."