बापटांचे जनरल

बापट आपल्या जनरलांचं नाव घेत नाहीत. जुन्या बायका नवऱ्याचं घेत नसत, तसे. "आमचे जनरल" म्हणतात, आणि नवख्याला वाटतं, कुणी फौजी नातेवाईक असावेत. बापट औषधांच्या कारखान्यात इंजिनिअर. जनरल अठराव्या शतकातले, फ्रेंच सैन्यातले, पाँडिचेरीचे गव्हर्नर. वडील मात्र इथल्या, आयर्लंडमधल्या गॉलवेकडचे. आयर्लंड आणि हिंदुस्थान जोडणारा माणूस बापटांना सापडला, आणि क्लोनडॉकिनमधल्या आम्हा शेजाऱ्यांची शांतता गेली.

पुण्याहून कुणाचे आईवडील आले की बापट त्यांना समुद्राकाठचे उंच कडे दाखवायला म्हणून नेतात आणि गॉलवेच्या अलीकडे एका शेताशी उभं करतात. इथे काय आहे, असं माझ्या सासूबाईंनी विचारलं. "काही नाही," बापट म्हणाले, "पण त्यांचे वडील इथून निघाले." सासूबाईंनी तासभर गाई पाहिल्या. घरी येऊन म्हणाल्या, गाई ग्रँड होत्या.

गोष्ट ठरलेली. पाँडिचेरी पडते, जनरलांवर फितुरीचा आळ येतो, पॅरिसमध्ये शिरच्छेद होतो. इथे बापट हात आडवा फिरवून चहा मागतात. "इंग्रजांनी नाही हो हरवलं. जिभेनं घात केला. हाताखालचा एक माणूस दुखवायचा ठेवला नाही." हे चालू असताना मीनावहिनी नवऱ्याकडे अशा बघतात की मी उगाच चहा ढवळत बसते.

कारण ऋषी. एकुलता मुलगा. मेडिसिन अर्धवट सोडून स्वयंपाक शिकला आणि ग्रँड कॅनाल डॉकजवळच्या एका रेस्टॉरंटात लागला. माझ्या पोटी डॉक्टर जन्मला होता, आचारी नाही, असं बापट त्याला जेवताना सुनावून बसले. तो भरल्या ताटावरून उठला, तो दोन वर्षं घरी आला नाही.

दोन हजार सतराच्या गणपतीत मंडळानं बापटांना एकदाचं भाषण दिलं. त्यांनी स्वतः ऋषीला मेसेज केलाय, असं वहिनींनी माझ्या कानात सांगितलं. पुढच्या रांगेत बापटांनी एका खुर्चीवर कोट टाकून ठेवला होता. दोघांना उठवलं तिथून.

भाषण नेहमीसारखं ठणठणीत झालं. हातही आडवा फिरला. मग बापट थांबले नाहीत.

"जनरलांना एक मुलगा होता. बाप गेल्यावर तो वर्षानुवर्षं कोर्टात झगडला, बापावरचा डाग पुसायला. असल्या बापासाठी का केलं असेल हो त्यानं?"

आणि दाराकडे बघत राहिले. संपलं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या. जेवणं झाली.

आम्ही खुर्च्या रचत होतो तेव्हा ऋषी आला. रेस्टॉरंटातून सुटायला उशीर झाला होता. "सॉरी, डॅड. गो ऑन, टेल अस अबाउट युअर मॅन."

रस्त्यात भेटलेल्या पोस्टमनलाही जनरल ऐकवणारा माणूस. "ते राहू दे," म्हणाला. बापट स्वतः गेले, मसालेभाताचं ताट वाढून आणलं आणि पोरासमोर धरलं.

"मीठ कमी वाटतंय का रे? मला काही कळत नाही. तू सांग."

ऋषीनं एक घास खाल्ला. विचार केला. दुसरा खाल्ला. "थोडंसं," म्हणाला, मराठीत.

भात मी केला होता. मीठ बरोबर होतं. मी खुर्च्या रचत राहिले.