आईच्या कम्प्युटरचं स्वातंत्र्य

"आई, पुढच्या रविवारी तुझा कम्प्युटर फक्त तुझं ऐकेल! कुठल्याही कंपनीच्या बापाचं ऐकणार नाही!"

दातांच्या डॉक्टरांनी ही घोषणा जेवणाच्या टेबलाशी, हातातला चमचा उगारून केली. डॉक्टर तसे मवाळ. दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावायचं, पण बोलू द्यायचं नाही, असा त्यांचा व्यवसाय. त्यामुळे आपलं म्हणणं सगळ्यांना पटतं अशी त्यांची प्रामाणिक समजूत झाली होती. दवाखान्यात आजवर कुणी विरोध केल्याचं त्यांच्या तरी लक्षात नव्हतं.

घोषणेला कारणही तसंच घडलं होतं. डॉक्टरांची आई निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्तीनंतर कुणी कुंड्या लावतं, कुणी शेजाऱ्यांच्या भानगडीत लक्ष घालतं. आईने मोटारींच्या शर्यतीचा ऑनलाइन गेम धरला. हा नाद तिला लावला विहीणबाईंनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोच्या आईने. त्या राहायला दुसऱ्या गावी. पण दर रविवारी संध्याकाळी दोघी विहिणी आपापल्या घरी, डोक्याला हेडफोन अडकवून, एकाच रस्त्यावर गाड्या पळवायच्या. गेममध्ये विहीणबाईंचं नाव 'सुसाट' आणि आईचं नाव 'शिस्त'. यावरूनच निकालाचा अंदाज यावा. आई वळण आलं की वेग कमी करायची आणि मागून येणाऱ्याला हॉर्न वाजायच्या आत वाट द्यायची. आजवर ती एकदाही जिंकली नव्हती.

पण त्या रविवारी चमत्कार झाला. 'सुसाट' कठडा तोडून दरीत गेली! आई एकटीच पुढे! समोर अंतिम रेषा दिसत होती आणि आईने चक्क वेग वाढवला होता! तेवढ्यात पडदा काळा झाला आणि त्यावर अक्षरं उमटली, 'तुमचा कम्प्युटर अपडेट होत आहे. कृपया वाट पाहा.'

आईने वाट पाहिली. दुसरं काय करणार? कम्प्युटर शुद्धीवर आला तोवर विहीणबाई दरीतून वर येऊन, शर्यत जिंकून, निवांत पाय पसरून बसल्या होत्या.

"मी जिंकत होते, विहीणबाई!" आई हेडफोनमध्ये ओरडली.

"असेल हो! पण आता असं आहे, हरणाऱ्याचा कम्प्युटर नेहमी वाकडा!" विहीणबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी जिंका. माझ्या दोन्ही भावजया बघायला बसणार आहेत. तेव्हा तरी कारण नका सांगू."

हे शब्द आईला फार लागले. आयुष्यभर तिने मुलांना 'कारणं सांगू नकोस' असं बजावलं होतं, आणि आता तेच तिला कुणीतरी ऐकवलं होतं! म्हणून ती ताटातला भात नुसता चिवडत होती, आणि म्हणून डॉक्टरांनी चमचा उगारला होता.

"म्हणजे नक्की काय करणार आहेस तू?" बायकोने विचारलं. बायको वकील. तिला घोषणांपेक्षा तपशिलात रस.

"लिनक्स टाकणार! ती सिस्टिम कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. फुकट मिळते. आपल्याला न विचारता काही करत नाही. अगं, कम्प्युटर आपला, टेबल आपलं, वीज आपली, आणि हुकूम त्यांचा? आपण आपल्याच घरात भाडेकरू आहोत का?"

"आणि गेम चालेल त्याच्यावर?"

"चालेल? पळेल!"

"बरं," वकील म्हणाली. "एका बाजूला माझी आई, दुसऱ्या बाजूला सासू. या प्रकरणात मी कुणाचंच वकीलपत्र घेतलेलं नाही, एवढं लक्षात ठेवा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जुनी सिस्टिम पार पुसून लिनक्स टाकलं. कसलाही त्रास झाला नाही. पडद्यावर एक शांत तळं दिसू लागलं. मेल्यात जमा झालेला प्रिंटर आपणहून घरघरला. त्या बदल्यात स्पीकरचा आवाज गेला, पण स्वातंत्र्यासाठी एवढी किंमत काहीच नाही असं डॉक्टर म्हणाले. आवाजही दुपारपर्यंत आला.

आईने खुर्ची पुढे ओढून तपासणी केली.

"हा मध्येच जाहिराती दाखवत नाही?"

"नाही."

"मी काय वाचते ते कुणाला जाऊन सांगत नाही?"

"अजिबात नाही!"

"वळण चांगलं आहे," आई म्हणाली. इतकं चांगलं प्रशस्तिपत्र तिने स्वतःच्या मुलालाही कधी दिलं नव्हतं. डॉक्टरांची छाती फुगली आणि दवाखान्यात त्यांनी दातांचा प्रत्येक खड्डा स्वातंत्र्यावर व्याख्यान देत देत बुजवला.

घोडं अडलं ते गेमपाशी. गेम लिनक्सवर सुरू झाला, गाडी दिसली, आईने हेडफोनही चढवला. पण त्या गेमबरोबर कंपनीचा एक रखवालदार प्रोग्राम यायचा. कुणी लबाडी करून गाडी पळवत नाही ना, हे बघायला तो कम्प्युटरचा कानाकोपरा धुंडाळायचा. जुन्या सिस्टिमने त्याला घरच्या सगळ्या किल्ल्या देऊन ठेवल्या होत्या. लिनक्सने त्याला दारातच विचारलं, आपण कोण? असल्या प्रश्नाची सवय नसल्यामुळे तो भडकला. 'असुरक्षित कम्प्युटर. प्रवेश नाही.'

"असुरक्षित?" डॉक्टर कडाडले. "माझ्याच घरात मला शिरायला बंदी? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"ते सगळं खरं," आई म्हणाली. "पण रविवारी माझी गाडी सुटणार आहे की नाही?"

"जुनं होतं ते परत टाक ना," बायकोने सुचवलं.

"पुन्हा गुलामगिरीत? कदापि नाही!"

आईची समजूत काढायला डॉक्टरांनी लिनक्सचाच एक फुकट शर्यतीचा गेम शोधला. रंगीत, सुंदर, रखवालदार वगैरे काही भानगड नाही. आई बसली आणि पहिल्याच फटक्यात जिंकली!

"बघ! जिंकलीस!"

"कुणाला हरवलं मी?"

"प्रोग्रामला."

"त्याला वाईट वाटलं का?"

"त्याला कसं वाईट वाटेल?"

"मग काय उपयोग!" असं म्हणून आई उठून गेली.

आता एकच आधार उरला. डॉक्टरांच्या डोक्यात हे लिनक्सचं खूळ ज्याने भरलं तो दाढीवाला पेशंट. मोठा जाणकार माणूस. शुक्रवारी तो दाढेच्या नसेचं काम करून घ्यायला आलाच. डॉक्टरांनी त्याला खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापूस कोंबला, मशीन सुरू केलं आणि सवयीने सांगितलं, "दुखलं तर डावा हात वर करा." मग लगेच मुद्द्यावर आले.

"एक सल्ला हवा होता. इंटरनेटवर एकाने तोडगा दिलाय. त्या रखवालदाराला थाप मारायची, की हा कम्प्युटर जुन्याच सिस्टिमवर चालतोय म्हणून. करून बघू का? करायचं असेल तर हात वर करा."

पेशंटने डोळे विस्फारले. त्याच क्षणी मशीन नसेला लागलं. हात असा उसळला की वरचा दिवा हलला.

"इतकी खात्री आहे?" डॉक्टरांना आनंद झाला. आनंदात मशीन अजून थोडं आत गेलं.

पेशंटचे दोन्ही हात वर!

"वा! दोन्ही हात! मग आता विचारच नको!" डॉक्टर म्हणाले. काम संपल्यावर पेशंट काहीतरी सांगू पाहत होता, पण बधिर करायचं इंजेक्शन त्याच्या जबड्याला आत्ता कुठे चढलं होतं आणि बाहेर पुढचा पेशंट खोळंबला होता.

शनिवारी सकाळी डॉक्टरांनी थाप मारली. रखवालदार फसला! गेम उघडला, गाडी सुटली, आईने सरावाच्या दोन फेऱ्या मारल्या. वळणावर हळू जाऊनही ती खुशीत होती. तिसऱ्या फेरीला गाडी जागच्या जागी थिजली आणि पडद्यावर लाल चौकट आली. 'फसवणूक आढळली. शिस्त या खेळाडूला निलंबित करण्यात येत आहे. खेळाडूच्या सर्व मित्रमंडळींना कळवण्यात आले आहे.'

आईच्या मित्रमंडळींत विहीणबाई होत्या आणि त्यांच्या दोन्ही भावजया होत्या.

आईने ती ओळ पुन्हा वाचली. कॉपी करणाऱ्या मुलांनी बाहीत, बुटात, पट्टीच्या मागे लपवलेल्या चिठ्ठ्या जिने नुसत्या नजरेने बाहेर काढल्या होत्या, तिच्यावर ही वेळ!

"कॉपी?" आई अगदी हळू आवाजात म्हणाली. "मी?"

डॉक्टरांना आईचा आरडाओरडा चालला असता. हा हळू आवाज त्यांना सोसेना. त्यांनी तडक दाढीवाल्याला फोन लावला.

"अहो, तुम्हीच हात वर केला होता!"

"डॉक्टर, दुखत होतं मला! दुखलं तर हात वर करा असं तुम्हीच सांगितलं होतं!"

"आणि तो दुसरा हात?"

"फार दुखत होतं! आणि रखवालदाराला थाप मारलीत? अहो, सगळं करावं पण तेवढं करू नये!"

डॉक्टरांनी कंपनीकडे दाद मागितली. उत्तर ताबडतोब आलं, म्हणजे माणसाने लिहिलेलं नव्हतं. 'आपल्या भावना आम्हाला समजतात. दुसऱ्या खेळाडूने पुराव्यासह साक्ष दिल्यास फेरविचार होऊ शकेल.'

"माझ्या भावना याला कशा समजल्या?" आई म्हणाली. "मी अजून बोललेच नाही."

"तसं बघितलं तर रखवालदाराचं काही चुकलेलं नाही. थाप मारली होतीच," बायको म्हणाली. मग सासूचा चेहरा बघून तिने वकीलपत्र न घेण्याचा निर्धार गुंडाळून ठेवला. "पण साक्ष मिळू शकते. माझ्या आईला सांगू का?"

"खबरदार!" आई कडाडली. "त्यांच्यापुढे पदर पसरण्यापेक्षा मी लबाड म्हणून मरेन!"

तेवढ्यात फोन वाजला. विहीणबाईच! बायकोने फोन स्पीकरवर टाकला. डॉक्टरांनी जीव मुठीत धरला.

"विहीणबाई, मी तो निरोप वाचला," पलीकडून आवाज आला. "आणि तुम्हाला सांगते, मी एक क्षणभरही विश्वास ठेवला नाही! तुम्ही आणि लबाडी? छे! मी आत्ताच कंपनीला खरमरीत पत्र लिहून मोकळी झाले. पुरावे जोडून!"

आईचे डोळे भरून आले. इतकी वर्षं जिला आपण पाण्यात पाहिलं ती अशी धावून यावी! "विहीणबाई," ती म्हणाली, "तुमचे उपकार मी विसरणार नाही."

"अहो, उपकार कसले! घरचीच माणसं आपण!"

डॉक्टरांनाही गहिवरून आलं. कंपन्या येतील आणि जातील, शेवटी माणसाला माणूसच उपयोगी पडतो, असं काहीतरी ते बोलले. कुणी लक्ष दिलं नाही. मग त्यांनी कुणाला न सांगता लिनक्स पुसलं आणि जुनी सिस्टिम परत टाकली. स्वातंत्र्याचा विषय घरात पुन्हा कुणी काढला नाही, त्यांनी तर नाहीच.

रविवारी दुपारी निकाल आला. डॉक्टरांनी तो मोठ्याने वाचायला घेतला.

"'प्रिय शिस्त, सुसाट यांनी पुरावा म्हणून आपल्या आजवरच्या सर्व शर्यतींचे चित्रीकरण पाठवले.'"

"सर्व?" आईने विचारलं.

"'आमच्या तज्ज्ञांनी ते बारकाईने पाहिले. फसवणुकीची साधने वापरणारा खेळाडू इतका मागे राहणे शक्य नाही. विशेषतः, मोकळ्या रस्त्यावर रिकाम्या बसगाडीला वाट देण्यासाठी आपण थांबलात, ते दृश्य निर्णायक ठरले. आपण निर्दोष आहात. सर्व मित्रमंडळींना कारणांसह कळवण्यात आले आहे.'" डॉक्टरांचा आवाज शेवटी शेवटी बारीक होत गेला.

लगेच फोन वाजला.

"अभिनंदन, विहीणबाई!" विहीणबाई ओसंडून वाहत होत्या. "म्हटलं होतं ना मी! काल आम्ही सगळ्यांनी बसून तुमच्या सगळ्या शर्यती पाहिल्या. हसून हसून पुरेवाट! माझ्या भावजया एका सुरात म्हणाल्या, ही बाई लबाड असूच शकत नाही!"

फोन बंद झाला. आई ताठ बसली होती. शाळेत ती अशी बसली की शिपाईसुद्धा दारातून परत फिरायचे.

"बस," ती डॉक्टरांना म्हणाली. "कंपनीला लिही."

"आभाराचं?"

"कबुलीजबाब! लिही, मी फसवणूक केली. पहिल्या दिवसापासून केली. जाणूनबुजून केली!"

"आई," वकील सूनबाई घाईघाईने म्हणाली, "कबुलीजबाब एकदा दिला की सहजासहजी मागे घेता येत नाही हं."

"घ्यायचाच नाहीये! लिही रे!"

डॉक्टरांनी निमूटपणे लिहिलं आणि पाठवलं. उत्तर यायला वेळ लागला, म्हणजे या खेपेला माणसाने विचार करून लिहिलं होतं.

'आपला कबुलीजबाब आम्ही आपल्या शर्यतींशी ताडून पाहिला. तो खरा वाटत नाही.'