पातेल्याची हजेरी

कार्मेलिन तुस्कानोच्या पातेल्यातल्या मांसाने शनिवारी सकाळी दहा वाजता कळवलं, की जेवायला बसणारे सगळे समोर हजर असल्याशिवाय ते शिजणार नाही.

कार्मेलिनला यात वावगं काही वाटलं नाही. वसईतल्या एका शाळेच्या कचेरीत तिने एकतीस वर्षं हेडक्लार्क म्हणून काढली होती. नियम असला की तो पाळायचा, एवढं तिला ठाऊक होतं. अडचण दुसरीच होती. जेवणारे चार होते आणि त्यातले दोघे एका खोलीत बसत नव्हते.

मुलगा रॉयस्टन जहाजावर खानसामा होता. चार वर्षांनी तो काल घरी आला, तो मेक्सिकोची बायको घेऊन. तिचं नाव इत्सेल. बाप इनास केळी आणि पानवेली लावणारा माणूस. त्याने सुनेच्या डोक्यावर हात ठेवला, तिची बॅग स्वतः उचलून आत नेली, आणि मुलाकडे बघितलंसुद्धा नाही. रॉयस्टन आजीच्या मयताला आला नव्हता. तेव्हापासून बोलणं बंद.

सुनेच्या निमित्ताने दोघं एकत्र बसतील म्हणून कार्मेलिनने तिच्या गावचे टाको करायचं ठरवलं होतं. म्हशीचं दोन किलो बीफ, खांद्याचं. इत्सेलने बॅगेतून आणलेल्या काळपट लाल मिरच्या भिजवून वाटल्या. त्यात लसूण, दालचिनी, तमालपत्र आणि व्हिनेगर. मंद आचेवर पाच तास ठेवायचं, मग मांसाचे धागे सुटतात, ते मक्याच्या पातळ भाकरीत घालून खायचे. इत्सेलला मांसाची अट सांगितली, तेव्हा तिने मान डोलावली. रॉयस्टनने तिचं म्हणणं मराठीत सांगितलं, "ती म्हणते, आमच्याकडे पाहुण्यांची यादी आदल्या दिवशी द्यावी लागते. इथलं मांस बरंच सोपं आहे."

कार्मेलिन पुढच्या पडवीत गेली. "अहो, आत येऊन बसा. मांस थांबलंय."

"मला भूक नाही," इनास म्हणाला.

"मग जेवणार नाही असं लिहून द्या. तीन जणांत शिजेल."

इनासने विचार केला. मिरच्यांचा वास पडवीपर्यंत आला होता. "जेवणार नाही असं मी कुठे म्हटलं?" असं म्हणून त्याने डोक्यावरची टोपी काढून तिच्या हातात दिली. "ही ठेव माझ्या जागी."

तिने टोपी पातेल्यासमोरच्या स्टुलावर ठेवली. झाकणाच्या फटीतून मांस म्हणालं, "खाणार कोण, टोपी की टोपीवाला?"

कार्मेलिनने वहीचं पान फाडून रीतसर अर्ज लिहिला: अर्जदाराचे गुडघे दुखत असल्याने त्यास प्रत्यक्ष हजेरीतून सूट मिळावी. मांसाने अर्ज ऐकून घेतला आणि नामंजूर केला. गुडघे दुखणाऱ्यांसाठीच स्टूल असतं, असा शेरा मारला.

बारा वाजता इनास आत आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

"पाठीची हजेरी धरता येत नाही," मांस म्हणालं.

तो वळला. समोर रॉयस्टन कांदा चिरत होता. पातेल्यात पहिला बुडबुडा आला.

तासाभराने इनासची नजर ओट्यावरच्या मिरच्यांच्या बियांवर गेली. त्याने एक बी बोटावर घेतलं, उजेडात धरलं आणि पातेल्याला विचारलं, "आपल्या मातीत हे उगवेल काय?"

"हा विषय माझ्याकडे येत नाही," मांस म्हणालं. "मुलाला विचारा."

इनासने बी मुलापुढे धरलं. "उगवेल काय?"

"उगवेल, पप्पा," रॉयस्टन म्हणाला. "पाणी कमी लागतं. तिच्या वडिलांनी वाफे घातलेत, मी पाहिलेत."

"वाफे किती रुंद?"

रॉयस्टनने सुरी खाली ठेवून हातांनी दाखवलं. इत्सेलने ते हात धरून थोडे जवळ आणले. इनासला हसू आलं, ते त्याने मिशीत ठेवलं.

पाच वाजता कार्मेलिनने झाकण काढून काटा टोचला. मांस दगडासारखं होतं.

"सगळे हजर आहेत," ती म्हणाली.

"तीन."

तिने मोजले. "चार आहेत."

"तीन," मांस म्हणालं. "बाई, तुम्ही कचेरीत काम केलंय. मनात काही दडवून उभ्या असलेल्याची हजेरी धरता येत नाही."

कार्मेलिन काटा हातात घेऊन उभी राहिली. तिचे कान तापले. मांसाला काय म्हणायचंय ते तिला कळलं होतं. ते ऐकण्यापेक्षा सगळं पातेलं ओतून द्यावं आणि अंडी तळावीत, असंही एकदा तिच्या मनात आलं. मग तिने गॅस होता तितकाच ठेवला आणि बोलली.

"सासूबाई गेल्या, तेव्हा रॉयस्टनचा फोन आला होता. तुमच्या फोनवर. तुम्ही शवपेटी सांगायला गेला होतात. तो म्हणाला, दोन दिवस थांबा, मी निघतो. मी म्हटलं, पप्पा नको म्हणतात."

"मी?" इनास म्हणाला.

"तुम्ही काही म्हणाला नव्हता. तो शेत सोडून गेला म्हणून तुम्ही संतापलेले. पेटीशेजारी तुमचं भांडण होईल याची मला भीती वाटली. नंतर सांगायचं राहिलं. मग सांगायला फार उशीर झाला."

रॉयस्टन इत्सेलला सगळं तिच्या भाषेत सांगत होता, तो आता थांबला होता. तिने त्याचा खांदा हलवला.

"चार वर्षं," इनास म्हणाला, "दोन वेळ तू मला वाढत होतीस, आणि हे पोटात ठेवून?"

"तीन वेळ. न्याहारी धरून."

इनास उठला. दाराकडे जाईल असं कार्मेलिनला वाटलं. तो मुलाच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, पण हातांचं काय करावं हे त्याला सुचेना. शेवटी त्याने चिरायचा राहिलेला कांदा उचलला आणि चिरायला घेतला. डोळे पुसायला त्याला ते बरं पडलं.

"हजेरी पूर्ण," मांस म्हणालं.

दहा मिनिटांत धागे सुटले. इत्सेलने मक्याच्या भाकऱ्या पातेल्यात वर आलेल्या लाल तेलात बुडवून तव्यावर टाकल्या, आत मांस, वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. इनासने पहिला टाको मोडला, रस कोपरापर्यंत ओघळला. रॉयस्टनने त्याला धरायचं कसं ते दाखवलं. इनास सात खाऊन उठला. कार्मेलिनशी मात्र तो अजून बोलत नव्हता. पाचव्याला त्याने ताट तिच्यापुढे सरकवलं होतं, तिने वाढलं होतं, आणि तूर्त दोघांनी तेवढ्यावर भागवलं.

मांस त्यानंतर काही बोललं नाही. शिजल्यावर ते बोलत नसतंच.

सोमवारी कार्मेलिनने वाल भिजत घातले. वालांनी मोड यायला गुरुवारपर्यंतची मुदत मागितली. तिने बुधवार मंजूर केला.