साळूबाईंच्या गळ्यातलं यंत्र

एका जंगलात एक दवाखाना होता. हो बाळांनो, जंगलातसुद्धा दवाखाना लागतो. जनावरं काय कमी धावपळ करतात?

तिथे साळिंदर जातीच्या साळूबाई नर्स होत्या. सुई टोचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. सुया घरच्याच होत्या ना! त्यांची लेक ठकी मात्र दिवसभर बिळात एकटी असायची. आईची ड्युटी कधी वेळेवर सुटेल तर शपथ.

एक दिवस दवाखान्याचे मोठे डॉक्टर हत्तीसाहेब यांनी सगळ्यांच्या गळ्यात एकेक यंत्र बांधलं.

"आता इथे ताटकळायला नको," ते म्हणाले. "काम झालं की घरी जा, पोराबाळांत रमा. गरज लागली तरच हे वाजेल."

माकडांनी आधी टाळ्या वाजवल्या आणि मग शेजाऱ्याला विचारलं, काय म्हणाले?

साळूबाई लवकर घरी गेल्या. ठकीला जवळ घेऊन गोष्ट सुरू केली. राजपुत्र घोड्यावर बसला आणि यंत्र वाजलं. अस्वलदादांना मध खाऊन मळमळत होतं. दुसऱ्या दिवशी राजपुत्र पुन्हा बसला, यंत्र पुन्हा वाजलं. एकदा तर ते नीट वाजतं का, एवढंच बघायला वाजलं. ठकी रोज रडत झोपायची. मला तर बाई तिचं फार वाईट वाटतं.

महिनाअखेरीस यंत्राने विचारलं, "तुम्ही समाधानी आहात का?" खाली दोनच बटणं होती, 'हो' आणि 'खूपच'. साळूबाईंनी रागारागाने 'हो' दाबलं.

एका संध्याकाळी ठकी कुठे दिसेना. साळूबाई हाका मारून थकल्या. तेवढ्यात यंत्र वाजलं. "ताबडतोब या. लहान मुलगी. पोटात दुखतंय."

त्यांचा पाय निघेना. पण ड्युटी म्हणजे ड्युटी. धावत गेल्या, तर खाटेवर ठकी!

"कुठं दुखतंय गं?" साळूबाईंनी तिचं पोट चाचपत विचारलं.

"कुठंच नाही," ठकी म्हणाली. "पण पेशंटला सोडून तू जात नाहीस ना? मग आता बस माझ्याजवळ."

साळूबाईंना रडू फुटलं. हत्तीसाहेबही गहिवरले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी हुकूम काढला. कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी दहा खाटा राखीव!

तात्पर्य : घर आणि नोकरी दोन्ही नीट सांभाळता येतात. फक्त घरच्यांना वेळेवर आजारी पडता आलं पाहिजे.