पारोसे गुंडोपंत

दीड महिना झाला, अंगाला पाण्याचा थेंब नाही. तरी सकाळी सहाला घरातला पहिला ओरडा याचा, आणि पहिला पेरूही यालाच. खाऊन झालं की चोच दांडीला पुसायची, अंग झटकायचं आणि पिसांतला पांढरा भुगा घरभर उडवायचा. टीव्हीवर भुगा, देव्हाऱ्यावर भुगा, लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्यावरसुद्धा भुगा.

"माणूस असता तर पिशवी भरून रस्त्याला लावला असता," शालनअक्का म्हणाल्या. "पोपट पडला. काय बोलायचं त्याला?"

पोपट आफ्रिकेकडच्या जातीचा. अंगाने राखाडी, शेपूट तेवढं लालभडक. अक्कांचा भाचा प्रणीत शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला राहायचा. तो नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि जाताना "मावशी, दोन वर्षं सांभाळ" म्हणून पिंजरा मल्लेश्वरमला अक्कांच्या घरी ठेवून गेला. पोपटाचं नाव त्याने ऑस्कर ठेवलं होतं. ते अक्कांच्या जिभेला वळेना. त्यांना त्याच्याकडे बघून निपाणीचे चुलतसासरे गुंडोपंत आठवले. तेही अशीच मान वाकडी करून बघायचे, आणि त्यांचंही पाण्याशी वाकडं होतं. आठवडा आठवडा नुसत्या अत्तरावर काढायचे. तेव्हापासून ऑस्करचा गुंडोपंत झाला. नाव मोठ्या माणसाचं, म्हणून अक्का त्याला रागावतानाही अहो-जाहो करत.

अक्का चौथीपर्यंत शिकलेल्या. पण त्यांच्या घराला एक कायदा होता, आणि तो मोडायला आजवर कुठला वकील जन्मला नव्हता. पारोशा तोंडात काही जायचं नाही. आंघोळ आधी, चहा मग. अक्कांचे यजमान लग्नानंतर तिसऱ्या दिवशी या कायद्याला शरण गेले. सून हेमलता पुण्याहून आली तेव्हा तिला अंथरुणात चहा प्यायची सवय होती. ती सवय आठवड्यात गेली. मुलगा दयानंद बावन्न वर्षांचा, सरकारी संस्थेत विमानाचे पंख आखतो. त्याने सही केल्याशिवाय तिथलं विमान जमीन सोडत नाही. घरात मात्र अंग ओलं केल्याशिवाय त्यालाच स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडता येत नाही.

आणि आता दोन मुठींएवढा पोपट रोज सगळ्यांच्या देखत पारोसा पेरू खात होता.

डिसेंबरातल्या एका गार सकाळी हेमलता शाल गुंडाळून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "आई, हे फेअर नाही. त्याला आंघोळीशिवाय ब्रेकफास्ट, आणि मला साधा चहा नाही?"

"मुकं जनावर आहे ते."

"मुकं? काल त्याने कुरिअरवाल्याला तुमच्या आवाजात 'चपला बाहेर काढ' म्हणून सांगितलं."

दयानंदने पेपरआडून हळूच पुस्ती जोडली, "नियम म्हटला की सगळ्यांना सारखा पाहिजे. नाहीतर कुणालाच नको."

अक्कांच्या हातातला झारा थांबला. पाखराला उपाशी ठेवणं म्हणजे पाप. त्याला पारोसं खाऊ घालणं म्हणजे पंचावन्न वर्षांच्या कायद्याला भोक.

"येत्या रविवारी सकाळपर्यंत गुंडोपंत आंघोळ करतील," त्या म्हणाल्या. "आपल्या मर्जीनं करतील. नाही केली, तर मी स्वतः तुम्हा दोघांना अंथरुणात चहा आणून देईन. पारोशा तोंडाला."

हेमलताने तारीख मोबाईलमध्ये टिपून घेतली.

सोमवारी अक्कांनी पितळी ताटलीत कोमट पाणी ठेवलं. गुंडोपंतांनी ते प्यायलं, उरलेलं उलथवलं आणि ताटलीवर चढून बसले. वरच्या मजल्यावरच्या भाग्यलक्ष्मी म्हणाल्या, "अक्का, पाण्यात स्वल्प हळद घाला. आमच्या मांजराला चालतं." हळद घातली. पोपटाने त्यात एक पाय बुडवला आणि पांढऱ्या पडद्यावर पिवळी पावलं उमटवत वरपर्यंत गेला. हेमलताने त्याला मोबाईलवर दुसऱ्या पोपटाच्या आंघोळीचा व्हिडिओ दाखवला. त्याने तो शेवटपर्यंत पाहिला आणि मोबाईलची कड कुरतडली.

शेवटी अक्कांनी पाखरांचे डॉक्टर उपेंद्र यांना फोन लावला. डॉक्टर मूळचे धारवाडचे. "जबरदस्ती करू नका अक्का," ते म्हणाले. "ही पाखरं कळपानं राहतात. दुसरं कुणी आंघोळ करताना दिसलं की त्यांनाही मन होतं. तुमचं घर म्हणजे आता त्याचा कळपच की."

कळपातलं कोण दाखवायचं, हा प्रश्न होता. घरातल्या बायका मागच्या न्हाणीत आंघोळ करायच्या, आणि अक्कांची आंघोळ तर पहाटे पाचला उरकायची, तेव्हा गुंडोपंतांचा पिंजरा झाकलेला असे. हेमलता एवढंच म्हणाली, "माझा विचारसुद्धा करू नका." राहिला दयानंद.

"आई, तो टक लावून बघतो," मंगळवारी बाथरूममधून आवाज आला.

"बघू दे. त्यासाठीच ठेवलाय."

"लाज वाटते गं."

"न्हाऊ मीच घातलंय तुला. तेव्हा सगळ्या गल्लीनं बघितलं. मुकाट पाणी घे."

दयानंदची आंघोळ म्हणजे ऐकण्यासारखी गोष्ट होती. बादलीत धो धो नळ, तांब्याचा खणखणाट, पहिल्या पाण्याला "हुऽहुऽहुऽ", दुसऱ्या पाण्याला "हर हर गंगे", आणि शेवटी घसा खाकरणं. स्टुलावर ठेवलेल्या पिंजऱ्यातून गुंडोपंत मान वाकडी करून सगळं नीट पाहत होते. अंगावर उडालेला थेंब मात्र त्यांनी रागाने झटकून टाकला.

बुधवारी दुपारी अक्का तांदूळ निवडत होत्या. दयानंद ऑफिसात होता. आणि पिंजऱ्यातून संथ आवाज आला, "हर हर गंगे."

अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंस?" त्या हेमलताला म्हणाल्या. "तोंडात नाव आलंय. अंग काय, मागनं येईलच."

गुरुवारपासून तर दयानंदच बदलला. मंगळवारी लाजून अर्धा झालेला माणूस आपणहून पिंजरा उचलून बाथरूममध्ये जाऊ लागला. "त्याला सवय लागली पाहिजे," असं वर म्हणायचा. आत आंघोळही पूर्वीपेक्षा लांबली. नळ, तांब्या, हुऽहुऽहुऽ, हर हर गंगे, खाकरणं, आणि कधीकधी पुन्हा पहिल्यापासून. बाहेर आला की पावडरचा घमघमाट. अक्का कौतुकाने त्याच्या कपात चहा थोडा जास्तच ओतायच्या. या वयात लेकाला आईच्या शब्दाची किंमत कळली म्हणून त्यांनी शनिवारी मारुतीला नारळ फोडला.

गुंडोपंत मात्र कोरडेच होते.

रविवार उजाडला. अक्कांची आंघोळ पाचला झाली. मग त्यांनी भाजी धुवायला परातीत पाणी भरलं, त्यात कोथिंबिरीच्या दोन जुड्या सोडल्या आणि पूजेला बसल्या. पूजा आटोपून स्वयंपाकघरात आल्या तर नळ नुसता फुसफुसला आणि गप्प झाला.

जिन्यावरून भाग्यलक्ष्मी उतरल्या. "अक्का, मोटर गेली. सहापासून टाकी खडखडीत आहे. टँकर बाराला येतोय म्हणे. एक तांब्याभर पाणी मिळेल?"

"कुठलं गं. पिण्याचं भांडंभर सोडलं तर परातीत आहे तेवढंच, आणि ते कोथिंबिरीचं."

हेमलता शाल गुंडाळून सोफ्यावर बसली होती. "म्हणजे आज आंघोळच नाही. आणि पोपटानेही केलेली नाही. आई, रविवार आहे. मी अंथरुणात जाऊन बसू का चहाला?"

अक्का उत्तर देणार, तेवढ्यात बाथरूममधून धो धो पाण्याचा आवाज आला. तांब्या खणखणला. "हुऽहुऽहुऽ. हर हर गंगे."

 भाग्यलक्ष्मींनी रिकाम्या तांब्याकडे पाहिलं. हेमलता उठून नळाशी गेली, तो पूर्ण सोडला, आणि दोन वेळा त्याच्या तोंडाखाली बोट धरलं.

"गंगा थेट आत आलीय वाटतं," भाग्यलक्ष्मी म्हणाल्या.

घसा खाकरला गेला. दार उघडलं. दयानंद खांद्यावर टॉवेल, एका हातात पिंजरा आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन बाहेर आला. मोबाईलवर क्रिकेट चालू होतं.

"झाली का रे?" अक्कांनी विचारलं.

"झाली की."

"पाणी कसं होतं?"

"कढत. अंग भाजलं अगदी."

अक्का त्याच्या बाजूने आत गेल्या. फरशी कोरडी ठणठणीत. बादली पालथी. तांब्यात एक कोळी निवांत बसला होता. त्या बाहेर आल्या तेव्हा पिंजऱ्यातून, गुंडोपंतांच्या चोचीतून, दुसऱ्यांदा हुबेहूब नळ सुटला आणि बादली भरू लागली.

"कधीपासनं?" अक्का म्हणाल्या.

विमानाचे पंख आखणारा माणूस पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागला. "गुरुवार. आई, थंडी किती आहे. आणि तो आपला आपणच सुरू करायला लागला. मी फक्त थांबवलं नाही."

"म्हणजे गुरुवारपासनं तू पारोसा चहा प्यालास. माझ्या हातचा."

 अक्का ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. पदर खोचून ओट्याशी गेल्या, पिण्याच्या पाण्यातलं शेवटचं भांडंभर गॅसवर ठेवलं आणि तीन कप मांडले.

"जा हेमा, अंथरुणात बस," त्या म्हणाल्या. "शब्द दिलाय. कायदा मोडलाच आहे, तर साखर घालून मोडू."

पंधरा वर्षं या चहाची वाट बघणारी हेमलता जागची हलली नाही. "नको आई. असा नकोय मला," ती म्हणाली. मग दुसरं काही करता येईना म्हणून तिने नवऱ्याच्या हातातला पिंजरा ओढून घेतला, ओट्यावर आदळला आणि दार उघडलं. "तू तरी ये बाहेर. तुझी काही चूक नाही."

गुंडोपंत ओट्यावर उतरले. दोन पावलं चालले. परातीतली कोथिंबीर त्यांनी डाव्या डोळ्याने पाहिली, मग उजव्या डोळ्याने पाहिली, एक पान चावून थुंकलं, आणि यजमानाच्या ऐटीत परातीत पाय टाकला.

पुढची तीन-चार मिनिटं स्वयंपाकघरात कोण कुठे उभं होतं, हे कुणालाच नीट सांगता आलं नाही. पंख कोथिंबिरीवर आपटले. पाणी भिंतीवर गेलं, भांड्यांवर गेलं, भाग्यलक्ष्मींच्या तांब्यातही थोडं पडलं. आईची माफी मागायला पुढे झालेला दयानंद डोक्यापासून बनियनपर्यंत भिजला आणि "हुऽहुऽहुऽ" म्हणून ओरडला. या खेपेला खरोखरच. परातीतून लगेच दुसरा आवाज निघाला, "हर हर गंगे."

मग पंख थांबले. गुंडोपंत परातीच्या काठावर बसले होते, भिजलेल्या झाडूसारखे, कानामागे कोथिंबिरीचं एक पान. दयानंदच्या डोक्यावर दोन.

अक्कांनी गॅस बंद केला. तीनही कप उचलून फळीवर पालथे ठेवले.

"आई, मीही भिजलोय की," दयानंद म्हणाला. "ही धरत नाही का?"

"दुसऱ्याच्या आंघोळीचं पाणी ते. बाराला टँकर येतोय. बादलीभर घ्यायचं, आणि दाराशी मी उभी राहणार."

त्यांनी पेरू घेतला, चांगल्या जाड फोडी केल्या आणि सगळ्यात मोठी फोड गुंडोपंतांच्या पुढे धरली. पोपटाने मान वाकडी करून आधी फोडीकडे पाहिलं, मग अक्कांकडे.

"खावा, गुंडोपंत," अक्का म्हणाल्या. "दीड महिना तुम्हाला नको नको ते बोलले, ते मागं घेते. खोटी आंघोळ तुम्ही आमच्या दयानंदाकडनं शिकलात, तो दोष तुमचा नाही, माझ्या पोटचा आहे. खरी आंघोळ मात्र तुम्ही एकट्यानं शिकलात."