केक पुण्याला जाऊन येतो

"भाभी, सरळ धरा. रस्त्यात कोनासंग बोलू नका, कुठं थांबू नका. सीधे घर."

बेकरीवाल्या गफ्फारभाईंनी हे सांगितलं तेव्हा मनकर्णाबाईंच्या मुलाचा, राजकुमारचा, पहिला वाढदिवस होता. गफ्फारभाईंचा हेतू साधाच होता. गरम केक मऊ असतो. बोलण्यात लक्ष गेलं, हात हलला, की तो मधोमध तडकतो. पण मनकर्णाबाई नेमधर्माच्या बाई. सोमवारी महादेव, गुरुवारी शेगाव, चतुर्थीला चंद्र दिसेपर्यंत तोंडात पाणी नाही. त्यांना कोणी नियम सांगितला की त्या कारण विचारत नसत, नेम धरत. त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक वाढदिवसाला त्या बेकरीपासून घरापर्यंत केक दोन्ही हातांत धरून आणि मौन पाळून आणत, अभिषेकाचं पाणी आणावं तसा. ओळखीचं कोणी भेटलंच तर नुसती मान हलवत. त्यांच्यासाठी बेकरीत बिनअंड्याचं भांडं वेगळं ठेवलेलं असे. गफ्फारभाई अल्लाघरी गेले, भट्टीवर त्यांचा मुलगा वकार उभा राहिला, तरी ते भांडं वेगळंच राहिलं.

इतकी वर्षं हे सुरळीत चाललं, कारण केक खाण्यासाठी असतो असा खामगावात सार्वत्रिक गैरसमज होता.

तो दूर केला पुष्पांजली मॅडमनी. कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या मागे मनकर्णाबाईंची जी कॉलनी आहे, तिथल्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्ष. त्यांच्या भावाने त्यांच्या वाढदिवसाला पुण्याहून केक पाठवला. तो वाढदिवस उलटून गेल्यावर पोचला. खोकंही उलटंच होतं आणि सगळी मलई झाकणाला चिकटली होती. मंडळाच्या सदस्यांनी झाकण मधोमध ठेवलं, चमच्यांनी मलई खरवडून खाल्ली आणि "पुण्याची चवच वेगळी" असा एकमताने अभिप्राय दिला. एका बाईंना ती जरा आंबट लागली. तिकडे तशीच असते, हे त्यांच्या लक्षात आणून देण्यात आलं.

पुढच्या बैठकीत रीतसर ठराव झाला. यापुढे केकचा दर्जा त्याने केलेल्या प्रवासावरून ठरवण्यात यावा. अकोल्याचा केक उत्तेजनार्थ धरावा, नागपूरचा समाधानकारक, पुण्याचा उत्कृष्ट. ग्रुपवर केकच्या फोटोबरोबर खोक्यावरच्या पत्त्याच्या चिठ्ठीचाही फोटो टाकावा. चिठ्ठी नसल्यास सदर केक घरगुती समजण्यात येईल. एका घरी केक जळगावहून आला, तर बायका सांत्वनाला जाऊन आल्या. दुसऱ्या एका घरी बंगळूरहून आला. तो पोचेपर्यंत त्याचा पार चुरा झाला होता, म्हणून त्याला कोणी हात लावला नाही. त्या घरच्या बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटात तो अजूनही आहे. पाहुण्यांना दाखवतात.

अशा परिस्थितीत काजलचा वाढदिवस जवळ आला.

काजल म्हणजे राजकुमारची मुलगी, यंदा सहा पुरी करणार. आजी तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावत होती, तेव्हा ती हळूच मांडीला येऊन टेकली.

"आजी, मले वकारचाचाचा केक पाह्यजे. गरम."

"गरमच काऊन व?"

"गरम केकले केकचा वास येते. पुण्याच्याले खोक्याचा येते. अन् माह्यं नाव माह्यासमोर लिहिलं पाह्यजे. टुटीफ्रुटीनं."

"बरं."

"बरं नाई. देवासमोर म्हन."

"हा दिवा लावला ना, त्याच्यासमोर म्हनते. देईन."

मनकर्णाबाईंच्या लेखी दिव्यासमोरचा शब्द चतुर्थीच्याही वरचा.

सुनेला, प्रेरणाला, त्यांनी हे सांगितलं तेव्हा ती चिडली नाही. चिडली असती तर सोपं गेलं असतं.

"आई, मागच्या वर्षी आपण वकारचाच आणला होता. ग्रुपवर फोटो टाकला, कोणी काही म्हणालं नाही."

"मंग चांगलंच झालं की."

"कोणी काहीच म्हणालं नाही, आई! जोडलेले हात तेवढे आले एकीचे. कोणी गेल्यावर टाकतात ना, ते."

प्रेरणाने मोबाइलवर पुण्याच्या कंपनीचा केक मागवून टाकला. वाढदिवसाला दोन केक झाले तर लेकरू काही तक्रार करणार नाही, असा विचार करून मनकर्णाबाई दुसऱ्या दिवशी बेकरीची वाट चालू लागल्या.

बेकरीचं काचेचं कपाट रिकामं होतं. मागच्या ओट्यावर मात्र खोक्यांची रास लागली होती आणि वकार त्यांना चिकटपट्टी मारत होता.

"या चाची, बसा. ट्रॅव्हल्स निघाच्या आत हे बांधून टाकतो."

"केक कुठं चाल्ले बाबू?"

"पुण्याले."

"तिकडं भट्ट्या नाईत का?"

"हायेत ना. पन इथला मानूस स्वस्त पडते कंपनीले."

"मंग तुह्या हातचा केक पुण्याचे लोक खातात म्हन की!" मनकर्णाबाईंना बरं वाटलं. "अब्बा असते त किती खूश झाले असते."

"पुण्याचे कायले खातीन, चाची? ते दिल्लीहून मागवतात. हे केक तिथं जातात, चिठ्ठी लागते, अन् वापस खामगावले येतात. तुमच्याच कॉलनीत."

मनकर्णाबाई बाकावर बसल्या.

"काय करू?" वकार चिकटपट्टी दातांनी तोडत म्हणाला. "इथं ठेवला त माश्याबी नाई बसत. तोच गचके खाऊन पुण्याहून आला का फोटो निघतात. अब्बाचे दोस्त हजले जाऊन आले, हाजीसाब झाले. तुमच्यात काशी करून आलेल्याच्या पाया पडतात. मानूस त तोच राह्यते ना?"

"हाजीसाब आंबून नाई आले, वकार."

वकार हसला, पण हात थांबला नाही. पुढचं खोकं त्याने ओढलं आणि मनकर्णाबाईंची नजर झाकणाखाली गेली. केकवर सुरेख अक्षरांत नाव होतं: काजल.

"हा त आमचाच!"

"हाव. मलईखालचा केक अजून कोमट हाये पहा. प्रेरणाभाभीची ऑर्डर कंपनीकडं गेली, कंपनीची माह्याकडं आली."

"मंग दे ना इकडं. पुण्याचा हेलपाटा वाचते त्याचा."

"नाई देता येत, चाची. नंबर पडला त्याचा. नंबर पडला का तो माहा नाई राह्यत."

"मंग कोनाचा?"

"सिस्टिमचा."

सिस्टिम कोण, कुठली, तिला विचारून येता येईल का, हे मनकर्णाबाईंनी शांतपणे विचारून पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "बरं, हा जाऊ दे. वाढदिवसाच्या सकाळी दुसरा करून दे. पैसे देते."

"गावात विकाले मनाई हाये. करारातच लिहिलं. गावात विकला त गावातलं गिऱ्हाईक पुण्याहून काऊन मागवीन?" वकारचा आवाज खाली आला. "माह्या पोरीचा, नाजिशचा वाढदिवस झाला ना परवा. मलेबी मोबाइलवरूनच मागवा लागला. मीच केला, मीच बांधला. अजून आला नाई."

दिव्यासमोर दिलेला शब्द मनकर्णाबाईंच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्यांनी थोडा वेळ डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत नाम घेतलं आणि विचारलं, "भट्टी पेटवाले मनाई हाये का?"

"नाई."

"अब्बानं ठेवलेलं माहं भांडं?"

"माळ्यावर हाये. घासून ठेवेल हाये."

"मंग झालं. मैदा माहा, दूध माहं, भांडं माहं. तू नुसता जाळ दे. तू विकत नाई, मी घेत नाई. काजलले संग आनते, तिचं नाव तिच्यासमोर लिहिजो. नाव लिहाले काही करार लागत नाई."

वकारने चिकटपट्टी खाली ठेवली. मग म्हणाला, "पहाटे, फजरच्या नमाजनंतर या. कंपनीचा सायेब तवा झोपेल राह्यते."

इकडे केकचा प्रवास सुरू झाला आणि प्रेरणा तो मोबाइलच्या नकाशावर पाहू लागली. "आई, यांच्या नकाशात काहीतरी गडबड आहे. केक खामगावातून निघाला म्हणतंय." मनकर्णाबाईंना खोटं न बोलण्याचा नेम होता; न विचारलेलं सांगण्याचा नव्हता. त्यांनी जपमाळ ओढली. परतीच्या वाटेवर ग्रुपही सामील झाला. केक अहिल्यानगर सोडून निघाला, सगळ्यांनी फुलं पाठवली. संभाजीनगरला तो बराच वेळ थांबला, तेव्हा पुष्पांजली मॅडमनी लिहिलं, "दमला असेल." त्यावर मंडळाने एकत्रितपणे काळजी व्यक्त केली.

वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी केक आला. एका कुशीवर कलला होता आणि काजलचं अर्धं नाव झाकणावर गेलं होतं. चिठ्ठी मात्र शाबूत होती. प्रेरणाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि आधी चिठ्ठीचा फोटो काढला. काजलने नाक जवळ नेऊन वास घेतला. आजीकडे पाहिलं फक्त.

सकाळी फटफटताना मनकर्णाबाईंनी देवपूजा उरकली. काजलला उठवून तयार केलं, दुधाची बरणी घेतली, मैद्याची पिशवी उचलली, तर आत टुटीफ्रुटीची पुडी आधीच ठेवलेली. स्वयंपाकघरात प्रेरणा पाठमोरी उभी होती. चहाचं आधण उकळून गेलं तरी तिने मागे वळून पाहिलं नाही.

बाहेर पुष्पांजली मॅडम सडा घालत होत्या.

"इतक्या सकाळी कुठे निघालात, काकू?"

"वकारच्या भट्टीवर. काजलसाठी केक कराले."

मॅडमनी बादली खाली ठेवली. कॉलनीच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं. मग जवळ आल्या आणि त्यांची बैठकीतली भाषा कुठल्या कुठे गेली.

"काकू, मैदा जास्त हाये का व? माह्यासाठीबी एक आना. गरम. लय दिवस झाले."

"अन् तुमच्या ठरावाचं कसं?"

"फोटोत पुण्याचाच राहीन ना! पन खाले त काही पाह्यजे." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "पेपरात गुंडाळून आनजा. अन् रस्त्यात कोनासंग बोलू नका, कुठं थांबू नका."

गफ्फारभाईंचाच नियम. मनकर्णाबाईंनी मान हलवली.

ही हकीगत खामगावात लिहून खामगावातच वाचायला दिली असती, तर तुम्ही ती घरगुती समजून बाजूला सारली असती. म्हणून आधी पुण्याला पाठवली. तिथून छापून आली, तेव्हा कुठे तुम्ही चष्मा लावलात.

मनकर्णाबाईंना तेवढं थांबायला वेळ नव्हता. भट्टी पेटली असणार. त्यांनी पदर खोचला, काजलचं बोट धरलं, फाटक आवाज न करता ओढून घेतलं आणि निघाल्या.